पार्टी सिंडीची होती

हिप-हॉपचा कुठलाही इतिहास उघडा, पहिल्या पानावर एकच पत्ता सापडतो: १५२० सेजविक ॲव्हेन्यू, ब्राँक्स, न्यूयॉर्क. तारीखही ठरलेली, ११ ऑगस्ट १९७३. त्या इमारतीतल्या करमणुकीच्या खोलीत क्लाइव्ह कॅम्बेल ऊर्फ डीजे कूल हर्क या जमैकाहून आलेल्या पोराने दोन टर्नटेबल मांडली, लोकांना नाचायला आवडणारा गाण्यातला नुसता तालाचा तुकडा पकडला, आणि तिथे या संगीताचा जन्म झाला, असं सांगतात. यात खोटं काही नाही. फक्त एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातो. पार्टी ठेवली कुणी?

ठेवली हर्कच्या धाकट्या बहिणीने, सिंडीने. शाळा उघडायच्या आधी तिला नवे कपडे घ्यायचे होते आणि त्यासाठी पैसे हवे होते. खोली तिने भाड्याने घेतली. आमंत्रणं तिने छोट्या कार्डांवर हाताने लिहिली. दर तिने लावले: मुलींना २५ सेंट, मुलग्यांना ५०. मुली आल्या की मुलगे मागोमाग येतात, हे धंद्याचं गणित तिला पक्कं ठाऊक असावं, असं त्या दरांवरून दिसतं. डीजे घरचाच होता, त्यामुळे तो खर्च वाचला. इतिहासाने या रात्रीतून हर्कला उचललं आणि सिंडीला 'हर्कची बहीण' म्हणून तळटीपेत ठेवलं.

हिप-हॉपमधल्या बायकांवर लिहायचं तर एक सोपी वाट समोर असते. पुरुषांचा इतिहास जसाच्या तसा राहू द्यायचा आणि शेवटी एक प्रकरण जोडायचं: पहिली महिला अमुक, पहिली महिला तमुक. हे पुस्तक त्या वाटेने जात नाही. माझं म्हणणं असं की हे संगीत उभं राहण्यासाठी ज्या गोष्टी लागल्या, म्हणजे जागा, ताल, रेकॉर्ड, बाजार आणि भांडण, त्या प्रत्येकीत बायका सुरुवातीपासून होत्या. नंतर आल्या नाहीत. त्यांना नंतर आल्यासारखं दाखवलं गेलं, ते श्रेय कुणाच्या नावावर लिहायचं हे ठरवणारे दुसरेच होते म्हणून. पुढची प्रकरणं हा हिशेब तपासतात.

तालापासूनच सुरुवात करू. सत्तरच्या दशकातलं ब्राँक्स म्हणजे जळक्या इमारतींचा, महामार्गाने मधोमध चिरलेल्या वस्त्यांचा भाग. शहराची तिजोरी रिकामी, शाळांमधल्या संगीताच्या तासांवर कात्री. वाद्य शिकायची सोय नसलेल्या पोरांनी घरातल्या रेकॉर्ड-प्लेयरचं वाद्य केलं, ही कथा सगळ्यांना माहीत आहे. पण त्याच फुटपाथवर मुलींचा एक खेळ चालायचा, त्याची कथा कुणी सांगत नाही. दोघीजणी दोन दोर उलटसुलट फिरवणार, तिसरी मधे उड्या मारणार, आणि तिघींच्या तोंडी ठेक्यात बसवलेली यमकं. याला 'डबल डच' म्हणतात. कायरा गाँट या संगीत-अभ्यासिकेने 'द गेम्स ब्लॅक गर्ल्स प्ले' (२००६) या पुस्तकात दाखवून दिलं की काळ्या मुलींची ही दोरीची आणि टाळ्यांची गाणी आणि रॅप यांच्यात सतत देवाणघेवाण चालू होती. रॅपर नेलीचं २००० साली गाजलेलं 'कंट्री ग्रामर' मुलींच्या टाळ्यांच्या अशाच एका गाण्यावर उभं आहे. १९८२ मध्ये न्यूयॉर्कच्या हिप-हॉपवाल्यांचा जथा युरोपच्या दौऱ्यावर गेला, तेव्हा डीजे, रॅपर, जमिनीवर गिरक्या घेणारे नर्तक आणि स्प्रेने रंगवणारे चित्रकार यांच्याबरोबर डबल डच खेळणाऱ्या मुलीही विमानात होत्या. पुढे कुणीतरी हिप-हॉपची चार अंगं ठरवली: डीजे, एमसी, ब्रेकिंग, ग्राफिटी. यादीत दोरी नाही.

त्या चार अंगांतही बायका होत्याच. इक्वेडोरमध्ये जन्मलेली लेडी पिंक न्यूयॉर्कच्या भुयारी गाड्यांवर रंग मारत होती आणि १९८३ च्या 'वाइल्ड स्टाइल' या चित्रपटात तिची प्रमुख भूमिका आहे. 'मर्सिडीज लेडीज' हा ब्राँक्समधला सगळ्या मुलींचा गट, डीजेही मुलगी आणि एमसीही मुली, सत्तरच्या दशकातच पार्ट्या गाजवत होता. रेकॉर्डच्या दुनियेत त्यांना जागा मिळाली नाही, आणि जिची रेकॉर्ड नाही तिची आठवण फक्त तिथे हजर असलेल्यांपुरती उरते. त्यांच्यातल्या शेरी शेरने २००८ साली त्या दिवसांवर कादंबरी लिहिली, म्हणून आपल्याला थोडंफार कळतं.

'फंकी फोर प्लस वन' या गटाचं नाव मात्र या सगळ्या इतिहासाची कळ आहे. चार मुलगे, अधिक एक. ती एक म्हणजे शॅरन ग्रीन, माइकवरचं नाव शा-रॉक. १४ फेब्रुवारी १९८१ च्या 'सॅटरडे नाइट लाइव्ह' या कार्यक्रमात गायिका डेबी हॅरीने या गटाला बोलावलं. राष्ट्रीय दूरचित्रवाणीवर झळकलेला हा पहिला हिप-हॉप गट. म्हणजे अमेरिकेने रॅपचा गट घरबसल्या पहिल्यांदा पाहिला, तेव्हा माइकवर बाई होती. आवाजाला प्रतिध्वनी देणारं यंत्र वापरून ती जे करायची, त्याचा आपल्यावर खोल परिणाम झाला असं 'रन-डीएमसी'च्या डीएमसीने पुढे जाहीरपणे सांगितलं. तरीही ती गणतीत अधिक एकच राहिली.

आता सिल्व्हिया रॉबिन्सन. तिच्यावर मी दोन प्रकरणं खर्च केली आहेत, आणि कुणाला ती जास्त वाटली तरी माझा इलाज नाही. १९७९ साली हार्लेममधल्या एका क्लबात लवबग स्टारस्की हा डीजे गाण्यावर बोलत होता आणि लोक त्याच्या ओळींना ओरडून साथ देत होते, ते तिने पाहिलं. ती चाळिशी ओलांडलेली बाई. पन्नासच्या दशकात 'मिकी अँड सिल्व्हिया' या जोडीने 'लव्ह इज स्ट्रेंज' गाजवलेलं, १९७३ मध्ये तिचं स्वतःचं 'पिलो टॉक' गाजलेलं, आणि नवऱ्याबरोबर चालवलेली रेकॉर्ड कंपनी बुडालेली. गर्दी कशावर डोलते हे ओळखायला तिला कुणाच्या सल्ल्याची गरज नव्हती. न्यू जर्सीतल्या एंगलवुडमध्ये तिने नवी कंपनी काढली, 'शुगर हिल रेकॉर्ड्स'. गावातच तीन पोरं गाठून उभी केली, त्यातला एक पिझ्झाच्या दुकानात कामाला. 'शिक' या गटाच्या 'गुड टाइम्स'चा ठेका वादकांकडून पुन्हा वाजवून घेतला आणि जवळपास पंधरा मिनिटांचं 'रॅपर्स डिलाइट' बाजारात आणलं. तोवर रॅप ही रात्री पार्टीत घडणारी आणि सकाळी विरून जाणारी गोष्ट होती. फार तर कॅसेट हातोहात फिरायची. ती गोष्ट दुकानात विकत मिळू शकते, हे ब्राँक्समधल्या एकाही दादा डीजेला सुचलं नव्हतं. सिल्व्हियाला सुचलं.

त्याच वर्षी तिने दक्षिण कॅरोलायनातल्या कोलंबियाच्या तीन मुलींची रेकॉर्ड काढली. गट 'द सीक्वेन्स', गाणं 'फंक यू अप'. त्या तिघींतली अँजी बी म्हणजे पुढे गायिका म्हणून नाव कमावलेली अँजी स्टोन. आणि १९८२ मध्ये 'द मेसेज'. ग्रँडमास्टर फ्लॅशच्या गटाला हे गाणं नको होतं. पार्टीत लोकांना नाचायचं असतं, झोपडपट्टीतली काच आणि उंदीर कोण ऐकणार, असा त्यांचा आक्षेप. सिल्व्हियाने हट्ट सोडला नाही. शेवटी गटातला एकटा मेली मेल आणि गाण्याचा लेखक ड्यूक बूटी यांच्या आवाजात ते झालं. रॅप हे आजूबाजूच्या जगण्यावर बोलू शकतं, ही समजूत त्या एका गाण्याने रुजवली. २००२ साली अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने जपून ठेवायच्या ध्वनिमुद्रणांची पहिली यादी केली, त्यात हे गाणं आहे.

सिल्व्हिया काही देवी नव्हती. 'रॅपर्स डिलाइट'मधले बरेच शब्द ग्रँडमास्टर कॅझच्या वहीतले होते आणि त्याचं नाव त्या रेकॉर्डवर नाही. 'शिक'च्या दोघांना श्रेय मिळालं ते कोर्टाची भीती घातल्यावर. तिच्या कंपनीने आपले पैसे बुडवले, अशी तक्रार करणाऱ्या कलावंतांची रांग मोठी आहे. बाईच्या हाती धंदा आला की न्याय आपोआप येतो, असं मानणाऱ्यांनी ही प्रकरणं सावकाश वाचावीत. पण धंद्यात इतकेच हात मारलेल्या पुरुषांना आपण 'द्रष्टा' म्हणतो. तिला तो मान मिळायला २०२२ साल उजाडलं. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये तिचं नाव गेलं तेव्हा तिला जाऊन अकरा वर्षं झाली होती.

भांडणाची गोष्ट १९८४ ची. 'यूटीएफओ' या गटाने 'रॉक्सॅन, रॉक्सॅन' नावाचं गाणं काढलं. रस्त्यात भेटलेली रॉक्सॅन आपल्याला भाव देत नाही, अशी तीन तरुणांची तक्रार. रस्त्यातल्या मुलीचं म्हणणं काय, हे विचारायचं कारण कुणाला वाटलं नव्हतं. क्वीन्सब्रिज या सरकारी वसाहतीतली लोलिता शांटे गुडन तेव्हा चौदा वर्षांची होती. त्या गटाने एका कार्यक्रमाला ऐनवेळी दगा दिला म्हणून रेडिओवाला मिस्टर मॅजिक आणि निर्माता मार्ली मार्ल त्यांच्यावर चिडलेले. वसाहतीत सांगतात ती गोष्ट अशी: शांटे कपडे धुवायला निघाली होती, मार्लीने तिला खिडकीतून हाक मारली, ती वर गेली, माइकसमोर उभी राहून एका दमात उत्तर म्हणून टाकलं, आणि पुन्हा कपडे धुवायला गेली. 'रॉक्सॅन्स रिव्हेंज' रेडिओवर वाजलं आणि न्यूयॉर्क हललं. उत्तराला प्रत्युत्तर, प्रत्युत्तराला टोला, रॉक्सॅनची बहीण, रॉक्सॅनचे आईवडील, अशा डझनावारी रेकॉर्ड निघाल्या. रेकॉर्डवरून भांडायची ही रीत आज रॅपचा प्राण मानली जाते. ती मोठ्या प्रमाणावर सुरू केली एका शाळकरी मुलीने.

पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या न्यू म्युझिक सेमिनारमधल्या रॅपच्या सामन्यात ती अंतिम फेरीपर्यंत पोहोचली आणि बिझी बीकडून हरली. परीक्षकांत कर्टिस ब्लो होता. पंधरा वर्षांची मुलगी अजिंक्य ठरली तर या संगीताला कोण गंभीरपणे घेणार, या विचाराने त्याने आपल्याला मुद्दाम कमी गुण दिले, असं शांटे सांगत आली आहे. तिच्याभोवती दंतकथाही साचल्या. रेकॉर्ड कंपनीच्या खर्चाने तिने डॉक्टरेट मिळवली, ही वर्तमानपत्रांनी आवडीने छापलेली कथा २००९ मधल्या तपासात टिकली नाही. तिचं मोठेपण त्या कथेवर अवलंबून नव्हतंच. २०२५ मध्ये रेकॉर्डिंग अकादमीने तिला जीवनगौरव पुरस्कार दिला.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटची तीन नावं बहुतेकांना ठाऊक असतात, म्हणून इथे थोडक्यात. ब्रुकलिनच्या एमसी लाइटचा 'लाइट ॲज अ रॉक' (१९८८) हा एकट्या स्त्री-रॅपरचा पहिला पूर्ण अल्बम. क्रॅकच्या नशेने पोखरलेल्या प्रियकरावरचं तिचं गाणं ऐकताना, हे लिहिणारी किती लहान होती, यावर विश्वास बसत नाही. न्यू जर्सीतल्या न्यूअर्कच्या डेना ओवेन्सने 'क्वीन लतिफा' हे नाव घेतलं. 'लेडीज फर्स्ट'च्या चित्रफितीत तिने दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषाची दृश्यं वापरली, आणि 'युनिटी'मध्ये रस्त्यावर अंगचटीला येणाऱ्यांना खडसावलं. त्या गाण्याला १९९५ चं ग्रॅमी मिळालं. त्याच सोहळ्यात सॉल्ट-एन-पेपालाही.

सॉल्ट-एन-पेपापाशी थोडं थांबायला हवं. सिअर्स कंपनीत कामाला असलेल्या चेरिल जेम्स आणि सँड्रा डेंटन या दोघींना तिथलाच सहकारी हर्बी एझोरने माइकपुढे उभं केलं. मग टर्नटेबलवर स्पिंडरेला आली. 'पुश इट' जगभर वाजलं. पण सुरुवातीची बहुतेक गाणी हर्बीने लिहिलेली. बाईचा ठसका, शब्द पुरुषाचे. पुढे रॅपर लिल किमच्या ओळींमागे नोटोरियस बी.आय.जी.चा हात किती, यावरही असाच वाद झाला आणि अजून होतो. मराठी वाचकाला हा पेच नवा वाटू नये. राम जोशी, होनाजी बाळा, परशराम या शाहिरांनी बाईच्या तोंडी शृंगार घातला आणि पुढे फडावर तो जिवंत केला बायकांनी. लावणी मग कुणाची, हा प्रश्न आपण आजही नीट सोडवलेला नाही. माझ्यापुरतं उत्तर असं की लिहिणाऱ्याचं श्रेय लिहिणाऱ्याला द्यावं, पण त्या शब्दांची जी काही किंमत समाजात मोजावी लागते ती म्हणणारीने मोजलेली असते, हे विसरू नये. सॉल्टने पुढे लेखणी आणि निर्मिती दोन्ही हातात घेतली आणि 'एक्स्प्रेशन' काढलं. 'लेट्स टॉक अबाउट सेक्स'चे शब्द बदलून या गटाने एड्सबद्दल बोलणारं गाणं केलं. रेडिओवर त्या आजाराचं नाव घ्यायलाही लोक बिचकत, तेव्हाची ही गोष्ट. २०२५ मध्ये आपल्याच ध्वनिमुद्रणांच्या मालकीसाठी या बायका न्यूयॉर्कच्या कोर्टात गेल्या. चाळीस वर्षांनीही हिशेब मिटलेला नाही.

नव्वदच्या दशकात पैसा आला आणि त्याबरोबर एक अलिखित नियम पक्का झाला: प्रत्येक टोळीत बाईसाठी खुर्ची एकच. त्या खुर्चीला 'फर्स्ट लेडी' असं भारदस्त नाव. १९९६ च्या नोव्हेंबरमध्ये आठवड्याच्या अंतराने लिल किमचा 'हार्ड कोअर' आणि फॉक्सी ब्राउनचा 'इल ना ना' बाजारात आले. दोघी ब्रुकलिनच्या, एकेकाळच्या मैत्रिणी. खुर्ची एक असल्यावर दुसरं काय होणार? मासिकांनी भांडण पेटवलं, कंपन्यांनी विकलं. हीच पटकथा पुढे निकी मिनाज आणि कार्डी बी यांच्यावरही वापरली गेली. पुरुष रॅपर भांडले तर ती कला, बायका भांडल्या तर तो मत्सर, अशी वाटणीही ठरून गेली. ग्रॅमीवाल्यांनी २००३ साली स्त्री-रॅपरसाठी वेगळा पुरस्कार सुरू केला. दोन वर्षं दिला, दोन्ही वेळा मिसी एलियटला, आणि मग बंदच केला.

मिसीचं नाव निघालं आहे तर तिच्याबद्दल सविस्तर, कारण माझ्या मते गेल्या तीस वर्षांत रॅपचा आवाज तिच्याइतका कुणी बदलला नाही. व्हर्जिनियातल्या पोर्ट्समथची ही मुलगी. तरुणपणी दुसऱ्यांसाठी गाणी लिहायची. तिने लिहून म्हटलेल्या एका तुकड्याच्या चित्रफितीत तिच्याऐवजी बारीक चणीच्या मुलीला ओठ हलवायला उभं केलं गेलं, ही जखम तिने मुलाखतींत बोलून दाखवली आहे. १९९७ मध्ये 'सुपा डुपा फ्लाय' आला. त्यातल्या 'द रेन'च्या चित्रफितीत ती काय घालून आली? हवेने फुगवलेला, काळा, चकचकीत, फुग्यासारखा पोशाख. जे शरीर लपवा म्हणून सांगितलं होतं ते तिने दुप्पट करून कॅमेऱ्यापुढे आणलं. रॅपमधल्या बाईने एकतर मुलग्यासारखं दिसावं किंवा मादक दिसावं, या दोन्ही अटी तिने एका पोशाखात हसण्यावारी नेल्या. बालमित्र टिंबलंडबरोबर तिने जे ठेके रचले ते अडखळते, पोकळ, मधेच श्वास धरणारे होते. २००१ च्या 'गेट युअर फ्रीक ऑन'ची कळ तर पंजाबी तुंबीवर फिरते. त्यानंतर अमेरिकी निर्माते हिंदुस्थानी आवाजांच्या मागे लागले.

त्या लाटेत एक मराठी घरातला आवाजही ओढला गेला. २००२ मध्ये ट्रुथ हर्ट्स या गायिकेचं 'ॲडिक्टिव्ह' अमेरिकेत गाजलं. त्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत लता मंगेशकरांचा आवाज आहे, 'ज्योती' (१९८१) या चित्रपटातल्या 'थोड़ा रेशम लगता है' या गाण्यातला. निर्माता डीजे क्विकने तो तुकडा परवानगीशिवाय उचलला. प्रकरण लॉस एंजेलिसच्या कोर्टात गेलं, आणि संगीतकार बप्पी लाहिरींचं नाव दिल्याशिवाय ती तबकडी विकू नये, असा आदेश निघाला. कोट्यवधींच्या कानांवर पडलेला आवाज लताबाईंचा, आणि कोर्टातला वाद झाला तो संगीतकाराच्या नावाचा.

लॉरिन हिलवरचं प्रकरण लहान आहे. तिच्यावर इतकं लिहिलं गेलंय की भर घालायला फारसं उरत नाही. 'द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल' १९९८ च्या ऑगस्टमध्ये आला, पुढच्या फेब्रुवारीत त्याला पाच ग्रॅमी मिळाली, त्यात वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचंही. हिप-हॉपला हा मान पहिल्यांदाच मिळत होता. गाणं आणि रॅप एकाच गळ्यातून सहज येऊ शकतात, हे तिने सिद्ध केलं, आणि आजचे निम्मे पुरुष रॅपर त्याच वाटेने चालतात. श्रेयाचा प्रश्न इथेही आहे, उलट्या बाजूने. अल्बमवर काम केलेल्या वादकांनी तिच्यावर दावा लावला आणि २००१ मध्ये तो तडजोडीने मिटला. त्यानंतर तिने स्टुडिओत केलेला दुसरा एकल अल्बम आलेला नाही.

आता न आवडणारा भाग. १९९१ च्या जानेवारीत रॅपर-निर्माता डॉ. ड्रेने डी बार्न्स या दूरचित्रवाणीवरच्या पत्रकार-निवेदिकेला हॉलिवूडमधल्या एका पार्टीत मारहाण केली. त्याची कारकीर्द चढत गेली, तिची थांबली. २०१५ मध्ये त्याच्या गटावर 'स्ट्रेट आउटा कॉम्प्टन' हा चित्रपट आला, त्यात हा प्रसंग नाही. बोभाटा झाल्यावर ड्रेने आपण दुखावलेल्या स्त्रियांची जाहीर माफी मागितली. २०२० च्या जुलैमध्ये रॅपर मेगन दी स्टॅलियनच्या पायांवर गोळ्या झाडल्या गेल्या. तिने रॅपर टोरी लेन्झचं नाव घेतलं, तेव्हा तिलाच खोटारडी ठरवणारी गाणी आणि विनोद निघाले. २०२२ च्या डिसेंबरमध्ये ज्युरीने त्याला दोषी ठरवलं, पुढच्या वर्षी दहा वर्षांची शिक्षा झाली. काळ्या बायकांपुढचा पेच इथे दुहेरी आहे. बोललं तर आपल्याच समाजाच्या पुरुषाला पोलिसांच्या हवाली केल्याचा ठपका, गप्प बसलं तर मार. या पेचावर सगळ्यात निर्भीडपणे लिहिलं ते लेखिका जोन मॉर्गनने, १९९९ साली. आपल्याला हे संगीत आवडतं आणि ते आपला अपमान करतं, दोन्ही खरं आहे, अशी तिची भूमिका. २००४ मध्ये अटलांटातल्या स्पेलमन या काळ्या मुलींच्या कॉलेजात नेलीच्या एका चित्रफितीवरून विद्यार्थिनींनी जाब मागितला, तेव्हा त्याही या संगीतावर वाढलेल्याच होत्या. बाहेरून येऊन हिप-हॉपला शिव्या देणाऱ्यांपेक्षा या आतल्या टीकेला मी जास्त मान देतो.

अश्लीलतेबद्दल मला हमखास विचारलं जातं. कार्डी आणि मेगनच्या २०२० मधल्या 'वॅप' या गाण्याने अमेरिकेतल्या खासदारांनाही घाम फोडला. मला त्यातलं सगळंच आवडतं असं नाही. काही गाणी नुसती बाजारू आहेत, हे म्हणायला हरकत नसावी. पण हा प्रकार कालचा नाही. मा रेनी, बेसी स्मिथ, ल्यूसिल बोगन या ब्लूज गायिकांनी शंभर वर्षांपूर्वी यातलं बरंच काही रेकॉर्डवर म्हणून ठेवलं आहे, आणि त्यात काळ्या कष्टकरी बाईचं स्वातंत्र्य कसं दडलं होतं हे अँजेला डेव्हिस यांनी ग्रंथ लिहून मांडलं आहे. फरक एवढाच की आताच्या बायका पैसे मोजून घेतात.

आणि खुर्ची आता एक राहिलेली नाही. २०१७ मध्ये ब्राँक्सच्याच कार्डी बीचं 'बोडॅक यलो' पहिल्या क्रमांकावर गेलं. लॉरिन हिलनंतर एकोणीस वर्षांनी एखादी स्त्री-रॅपर एकटीच्या बळावर तिथे पोचत होती. त्यानंतर मात्र नावं एकामागून एक येत राहिली, ह्यूस्टनहून, मेम्फिसहून, फ्लोरिडातून. रॅप अल्बमचं ग्रॅमी १९९६ पासून दिलं जातं. फ्यूजीज या गटाबरोबर लॉरिन (१९९७), कार्डी (२०१९) आणि डोची (२०२५), एवढ्याच तिघींच्या हाती ते गेलं आहे. मैफल भरली आहे, पाटावरची वाढणी अजून जुनीच.

आपल्याकडचा धागा शेवटच्या प्रकरणात आहे. सर मिक्स-अ-लॉट या रॅपरने १९९२ साली बाईच्या देहावर एक टवाळ गाणं केलं. निकी मिनाजने २०१४ मध्ये तेच उचलून, उलटवून 'ॲनाकोंडा' केलं. पुढच्या वर्षी भारतातल्या रॅपर सोफिया अश्रफने 'ॲनाकोंडा'च्या चालीवर कोडाईकनालच्या थर्मामीटर कारखान्यातल्या पाऱ्याच्या विषबाधेवर रॅप केला. तो निकी मिनाजनेही सर्वांपुढे ठेवला, आणि २०१६ च्या मार्चमध्ये कारखान्याच्या मालक कंपनीने ५९१ माजी कामगारांशी समझोता केला. लढा कामगारांचा आणि वर्षानुवर्षांचा. गाण्याने त्याकडे दुर्लक्ष करणं अवघड केलं. मुंबईच्या डी एमसीने मुलग्यांनी भरलेल्या गल्लीतल्या मैफलींत आपला माइक मिळवला. आणि महादेव कोळी समाजातल्या मधुरा घाणे, रॅपमधलं नाव माही जी, 'जंगल चा राजा'सारख्या गाण्यातून आदिवासींच्या जंगलाबद्दल आणि पुढे उन्हाच्या लाटेत होरपळणाऱ्यांबद्दल बोलू लागल्या. चौदा वर्षांच्या शांटेने जे केलं, तेच हे: ज्यांच्याबद्दल इतर बोलत होते, त्यांनी उत्तर दिलं.

पुस्तकात काय नाही, तेही सांगतो. फ्रान्स, ब्रिटन, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतल्या बायकांना मी फक्त ओझरता स्पर्श केला आहे. तो विषय वेगळ्या पुस्तकाचा आहे. गाण्यांच्या ओळी उद्धृत केलेल्या नाहीत, कारण कागदावर उतरवलेला रॅप निम्मा मरतो. म्हणून प्रत्येक प्रकरण वाचण्याआधी त्यातली गाणी ऐका, आणि सिल्व्हियाची दोन प्रकरणं शांटेच्या आधी वाचा, बाकी क्रम तुमचा. एक विनंती मात्र मनापासून आहे. मुंबई-पुण्यात, नाशिक-नागपुरात, पाड्यांवर आणि वस्त्यांत आज मराठीतून रॅप करणाऱ्या मुली असतील, तर त्यांच्या कार्यक्रमांना जा आणि नोंद ठेवा: तारीख कोणती, जागा कुणी मिळवली, पैसे कुणी घातले, शब्द कुणाचे, ठेका कुणाचा. हे लिहायला आत्ता अर्धा तास लागतो. पन्नास वर्षांनी ते शोधायला आयुष्य पुरत नाही.